प्रश्न तुमचे: प्रोग्राम बरोबर आहे, हे सिद्ध करता येतं का?

गेल्या अंकात फॉर्मल पद्धतींवर लेख होता. सॉफ्टवेअरने काय करायचं ते गणितात लिहायचं आणि प्रोग्राम तसाच वागतो हे सिद्ध करायचं, असा तो विषय. त्यावर सगळ्यात जास्त प्रश्न कोल्हापूर आणि आसपासच्या भागातून आले. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : आम्ही दरवेळी रिलीजच्या आधी भरपूर टेस्टिंग करतो. तेवढ्याने भागत नाही का? (राजारामपुरी, कोल्हापूर)

बहुतेक कामांना भागतं, आणि ते सोडूही नका. फरक कुठे पडतो ते आकड्यांतच बघा. ३२ बिटांचे दोन पूर्णांक घेणारं एखादं साधं फंक्शन आहे. त्याला देता येतील अशा जोड्या होतात २ चा ६४ वा घात, म्हणजे १८ वर १८ शून्यांच्या आसपास. सेकंदाला १०० कोटी जोड्या तपासल्या तरी त्या संपायला ५८४ वर्षं लागतील. सिद्धता जोड्या तपासत बसत नाही. शाळेत ‘समजा क्ष ही कोणतीही संख्या आहे’ म्हणून सुरुवात करायचो, तशीच ती पुढे सरकते.

संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६९ साली मांडलेली रीत आजही पायाला आहे. आधीची अट, प्रोग्रामचा तुकडा आणि नंतरची अट, अशी तिची मांडणी. आधीची अट खरी असेल आणि तुकडा चालून संपला, तर नंतरची अट खरी असलीच पाहिजे. यातलं ‘संपला तर’ विसरू नका. कधीच न संपणारा लूप या व्याख्येत अगदी बरोबर ठरतो, म्हणून तो संपतो हे वेगळं सिद्ध करावं लागतं.

प्रश्न : आम्ही दूध संस्थांसाठी संकलनाचं आणि बिलाचं सॉफ्टवेअर करतो. लिटर, फॅट, एसएनएफ, दरपत्रक, दहा दिवसांचं बिल, पशुखाद्याची कपात एवढाच मामला. यात सिद्ध करण्यासारखं काय आहे? (करवीर तालुका)

भरपूर आहे. किंबहुना सुरुवात करायला यापेक्षा चांगलं उदाहरण मिळणार नाही, कारण नियम थोडे आहेत आणि चूक झाली की सभासद दारात येतो.

आधी कपात घ्या. सभासदाचं बिल ‘बिल’, पशुखाद्याची आणि ॲडव्हान्सची येणे रक्कम ‘बाकी’, आणि फंक्शन ‘कपात’ काढून देतं. कपात शून्यापेक्षा कमी नको, बिलापेक्षा जास्त नको, बाकीपेक्षा जास्त नको, एवढं लिहून लोक थांबतात. वाचायला बरोबर वाटतं. पण दरवेळी शून्य देणारं फंक्शनसुद्धा या तिन्ही अटी पाळतं! सिद्धता तपासणारं टूल हिरवा कंदील दाखवेल आणि संस्थेची वसुली कायमची थांबेल. चौथी अट हवी: कपात एकतर बिलाएवढी असावी किंवा बाकीएवढी. या चार अटींना एकच उत्तर बसतं, दोन्हींतली लहान रक्कम. स्पेसिफिकेशन, म्हणजे अशा अटींची यादी, लिहून झालं की स्वतःला विचारायचं, ‘सगळ्यात आळशी प्रोग्राम यातून सुटेल का?’ सुटत असेल तर अट कमी पडली आहे.

आता पैशांचा हिशेब. ७.३ लिटर दूध, दर ४८.६५ रुपये. गुणाकार होतो ३५५.१४५ रुपये. म्हणजे पैशाच्या बरोबर अर्ध्यावर. हा अर्धा पैसा वर न्यायचा, सोडायचा की सम आकड्याकडे वळवायचा, हे तुमच्या कागदपत्रात कुठेतरी लिहिलेलं आहे का? नसेल तर प्रोग्रामरने वापरलेल्या भाषेचा डीफॉल्ट हाच संस्थेचा नियम होऊन बसतो. शिवाय फ्लोटिंग पॉइंट, म्हणजे संगणकाचे अपूर्णांक, वापरत असाल तर ७.३ आणि ४८.६५ या दोन्ही संख्या बायनरीत नेमक्या बसत नाहीत. उत्तर अर्ध्या पैशाच्या किंचित खाली पडेल की वर, ते गुणाकाराच्या क्रमावरही बदलू शकतं. त्यामुळे दूध लिटरच्या दहाव्या भागात (७३), दर पैशांत (४८६५) आणि रक्कम पैशाच्या दहाव्या भागात (३,५५,१४५) पूर्णांक म्हणून ठेवा. मग ‘दहाने भागून जवळच्या पैशाला न्या, बरोबर अर्धा असेल तर वर’ हा नियम एका ओळीत लिहिता येतो आणि सिद्धही होतो.

तोडणं (उरलेला अपुरा पैसा सोडून देणं) आणि जवळच्या पैशाला नेणं यातला फरकही सिद्धतेतून आपोआप हाती लागतो. दहा दिवसांत सकाळ-संध्याकाळच्या वीस नोंदी. प्रत्येक नोंद खाली तोडली तर एका नोंदीत जास्तीत जास्त ०.९ पैसा जातो, बिलात १८ पैसे, आणि तोही नेहमी सभासदाच्याच खिशातून. ३०० सभासदांच्या संस्थेत दर बिलाला ५४ रुपयांपर्यंत फरक. रक्कम किरकोळ आहे, पण ऑडिटमध्ये संस्थेची बेरीज आणि सभासदांची बेरीज जुळत नाही ती इथेच. जवळच्या पैशाला नेलं तर एका बिलाची चूक दोन्हीपैकी कुठल्याही बाजूला १० पैशांच्या आत राहते.

एक सापळा मात्र खास सांगायला हवा. डॅफ्नी ही कोडसोबत लिहिलेल्या अटी सिद्ध होतात का ते तपासणारी भाषा. तिच्यासारख्या टूलमध्ये साधा ‘इंट’ हा गणितातला पूर्णांक असतो, त्याला कमाल मर्यादा नसते. प्रत्यक्ष मशीनवर तुम्ही ३२ बिटांचा इंट वापरला तर त्याची कमाल २,१४,७४,८३,६४७. पैशाच्या दहाव्या भागात मोजता म्हणजे ही मर्यादा झाली २१ लाख ४७ हजार ४८३ रुपये. रोज १००० लिटर दूध आणि ५० रुपये दर धरला तर वर्षाची एकूण बेरीज ४३ व्या दिवशी उणे आकड्यात जाईल. सिद्धता चुकलेली नसते, ती वेगळ्या प्रकारच्या संख्यांबद्दल असते. जावा भाषेच्या लायब्ररीतल्या बायनरी सर्चचं (क्रमाने लावलेल्या यादीत मधोमध बघत शोधण्याच्या रीतीचं) नेमकं हेच झालं होतं. खालचा आणि वरचा इंडेक्स यांची बेरीज करून दोनने भागायची, हे कागदावर बरोबर होतं. मोठ्या ॲरेवर (यादीवर) बेरीजच ओव्हरफ्लो होते, म्हणजे मर्यादेबाहेर जाते, हे सुमारे नऊ वर्षं कुणाच्या ध्यानात आलं नाही. ते २००६ साली जाहीर झालं. उपाय सोपा: टूलमध्ये मर्यादा असलेला संख्याप्रकार जाहीर करा. मग टूल प्रत्येक बेरजेला ‘ही मर्यादेत राहते कशावरून?’ असं विचारतं. पहिल्या दिवशी वैताग येतो. बेरजेला ६४ बिट दिले आणि नोंदींच्या संख्येला मर्यादा घातली की वैताग संपतो.

प्रश्न : तिसऱ्या वर्षाला आहे. लूप इन्व्हेरियंट वर्गात समजतो, पण डॅफ्नीत लिहिला की सिद्ध होत नाही. नुसती ॲरेची बेरीजसुद्धा! (इंजिनिअरिंग विद्यार्थी, वारणानगर)

बेरजेचाच लूप घेऊ. मोजणी ‘क’ शून्यापासून, बेरीज ‘ब’ शून्यापासून, ‘क’ हा ‘न’ पेक्षा लहान असेतो ब मध्ये क व्या जागेचा आकडा मिळवायचा आणि क एकने वाढवायचा. इन्व्हेरियंट म्हणजे प्रत्येक फेरीआधी आणि नंतर खरी राहणारी अट. इथे तो असा: ० ≤ क ≤ न, आणि ब म्हणजे पहिल्या क आकड्यांची बेरीज.

चुका ठरावीक जागी होतात. अनेकजण क < न असं लिहितात, कारण लूपची अट तीच आहे. पण शेवटच्या फेरीनंतर क हा न एवढा होतो आणि इन्व्हेरियंट मोडतो. ‘लूपमध्ये टिकत नाही’ असा एरर आला की आधी हेच तपासा. उलट क ≤ न लिहायचंच राहिलं, तर लूप संपल्यावर टूलला एवढंच कळतं की क हा न पेक्षा लहान नाही. तो न एवढाच आहे हे कळत नाही, आणि नंतरची अट अडते.

दोन्ही बरोबर असूनही अडत असेल तर बेरजेची व्याख्या बघा. गणिती बेरीज तुम्ही ‘पहिला आकडा अधिक उरलेल्यांची बेरीज’ अशी लिहिली असेल आणि लूप डावीकडून उजवीकडे जात असेल, तर दोघांची वाढ उलट टोकांना होते. लूप शेवटी आकडा जोडतो, व्याख्या सुरुवातीचा काढते. टूल इंडक्शन (एका पायरीवरून पुढची सिद्ध करत जाणं) स्वतःहून तिथवर नेईलच असं नाही, वेगळं लेमा, म्हणजे मदतीचं छोटं प्रमेय, लिहावं लागतं. व्याख्या ‘शेवटचा सोडून बाकीच्यांची बेरीज अधिक शेवटचा’ अशी केलीत की काम बरंच सोपं होतं. तरीही अडलं तर लूपच्या आत एक असर्ट (‘इथे हे खरं आहे’ असं विधान) घाला: पहिले क+१ आकडे म्हणजे पहिले क आकडे आणि त्यामागे क वा आकडा. माणसाला हे सांगायला नको, पण टूलच्या पोटातल्या, अटी सोडवणाऱ्या झेड३ या प्रोग्रामला ते सुचवावं लागतं.

आणखी एक. डॅफ्नीत मेथडला कॉल केला की टूल तिच्या आतला कोड बघत नाही, फक्त तिचा करार, म्हणजे तिच्या आधीच्या आणि नंतरच्या अटी, बघतं. ‘आत तर बरोबर लिहिलंय’ ही तक्रार करण्याआधी तिची नंतरची अट पुरेशी आहे का ते पाहा.

प्रश्न : आमच्याकडे इंडक्शन फर्नेस आहेत, इंटरलॉक पीएलसीवर (मशीन चालवणाऱ्या औद्योगिक संगणकावर) आहेत. कॉइलचं पाणी बंद झालं की पॉवर ट्रिप झालीच पाहिजे. हे गणिताने तपासता येईल का? (गोकुळ शिरगाव एमआयडीसी)

येईल, आणि इथे सिद्धता हाताने लिहायचीही गरज नाही. मॉडेल चेकर वापरा. प्रोग्रामच्या सगळ्या शक्य अवस्था तो स्वतः फिरून बघतो आणि नियम मोडला तर कसा मोडला, ते पायरीपायरीने दाखवतो. या पद्धतीसाठी क्लार्क, एमरसन आणि सिफाकिस यांना २००७ चं संगणकशास्त्रातलं ट्युरिंग पारितोषिक मिळालं.

पहिलाच नियम बहुतेकजण असा लिहितात: ‘प्रवाह नसताना पॉवर कधीही चालू नसावी.’ चेकर क्षणात तो मोडून दाखवतो. पीएलसी आधी इनपुट वाचतो, मग लॉजिक चालवतो, मग आउटपुट लिहितो; या एका फेरीला स्कॅन म्हणतात. स्कॅनच्या मध्येच पाणी गेलं तर पुढचा स्कॅन संपेपर्यंत पॉवर चालूच असणार. म्हणून नियम असा हवा: स्कॅनच्या सुरुवातीला प्रवाह नाही असं वाचलं, तर त्याच स्कॅनच्या शेवटी पॉवरचं आउटपुट बंद. हा नियम लावला की लॅडरमधल्या (पीएलसीच्या प्रोग्राममधल्या) ओळींचा क्रमही तपासला जातो. पॉवरची ओळ फॉल्टच्या ओळीच्या वर असेल तर ती मागच्या स्कॅनचा फॉल्ट वापरते आणि एक स्कॅन उशिरा बंद होते.

आता रिसेट. नेहमीचं लॉजिक असं: प्रवाह नसेल तर फॉल्ट, एकदा फॉल्ट आला की रिसेट दाबेपर्यंत तो राहतो, सिलेक्टर चालू आणि फॉल्ट नसेल तर पॉवर. ‘फॉल्टनंतर माणसाने रिसेट दाबल्याशिवाय पॉवर परत येऊ नये’ हा नियम तपासायला दिला तर चेकर तीन स्कॅनचं उत्तर हातात देतो. पहिल्यात पाणी चालू, पॉवर चालू, आणि रिसेट बटण आधीपासूनच दाबलेलं. दुसऱ्यात पाणी गेलं, फॉल्ट, पॉवर बंद. तिसऱ्यात पाणी आलं, बटण दाबलेलंच, फॉल्ट सुटला, पॉवर आपोआप चालू. अडकलेलं बटण किंवा कुणीतरी पट्टी लावून ठेवलेलं बटण शॉपफ्लोअरवर नवं नाही, पण टेस्टिंगच्या यादीत ते क्वचितच असतं. यावर उपाय म्हणजे बटणाची स्थिती न घेता ते शून्यावरून एकवर गेल्याची कड घ्यायची. मग पाणी नसताना कितीही वेळा दाबलं तरी फॉल्ट सुटत नाही, आणि पाणी आल्यावर नव्याने दाबावंच लागतं.

इथेही आळशी प्रोग्रामचा धोका आहेच. पॉवर कायम बंद ठेवणारा कोड वरचे सगळे नियम पाळतो. म्हणून जोडीला ‘पाणी आहे, फॉल्ट नाही आणि सिलेक्टर चालू आहे, तर पॉवर चालू होतेच’ असा नियम ठेवा.

अवस्था किती होतात याकडे लक्ष द्या. वीस ऑन-ऑफ सिग्नल म्हणजे १० लाख ४८ हजार ५७६ अवस्था. ते सहज होतं. पण शून्य ते ९९ मोजणारे चार टायमर जोडलेत की हा आकडा १० कोटी पटीने वाढतो. टायमरच्या सेकंदांशी तुमच्या नियमाला देणंघेणं नसेल तर प्रत्येकाच्या तीनच अवस्था ठेवा: बंद, मोजतोय, संपला. चार टायमरच्या ८१ जोड्या, एकूण साडेआठ कोटींच्या आत. आजच्या साध्या डेस्कटॉपला हे जमतं. टूलमध्ये न्यूएसएमव्ही आणि स्पिन मोफत आहेत. जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेने पीएलसीसाठीच केलेलं पीएलसीव्हेरिफ ओपन सोर्स आहे.

हे सगळं लॉजिकबद्दल झालं. प्रवाह ओळखणारा फ्लो स्विच गंजून ‘प्रवाह आहे’ असंच सांगत राहिला तर सिद्धता काही करू शकत नाही. इमर्जन्सी स्टॉप आणि सेफ्टी रिले तारेनेच जोडलेले ठेवा, हा हट्ट सोडू नका.

प्रश्न : संकलन केंद्रातलं मशीन नेटवर्क आल्यावर नोंदी सर्व्हरला पाठवतं. कधी एकच नोंद दोनदा चढते. आम्ही ‘शेवटचा नोंद क्रमांक’ ठेवून लहान क्रमांक नाकारायला लागलो. बरोबर आहे का? (गडहिंग्लज)

नाही. दुसरी नोंद आधी पोचली आणि पहिली मागून आली तर पहिली नाकारली जाईल आणि त्या सभासदाचं दूध हिशेबातून गायब होईल. दोनदा चढलेली नोंद निदान दिसते तरी. केंद्र क्रमांक आणि नोंद क्रमांक ही जोडी आधी आली आहे का, ते बघून ठरवा.

अशा कामाला संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांची टीएलए प्लस ही भाषा उत्तम. कोड लिहायचा नाही, फक्त घटना लिहायच्या: नोंद पाठवली, संदेश हरवला, दोनदा पोचला, क्रम बदलला, पोच मिळाली. एक केंद्र आणि दोन नोंदी एवढ्या छोट्या मॉडेलमध्येही वरची चूक सापडते. नियम दोन: कुठलीही नोंद एकापेक्षा जास्त वेळा मोजलेली नसावी, आणि प्रत्येक नोंद कधी ना कधी मोजली जावी. दुसरा नियम लगेच मोडेल, कारण मॉडेलमध्ये नेटवर्क प्रत्येक संदेश हरवू शकतं. ‘पुन्हा पुन्हा पाठवत राहिलं तर केव्हातरी पोचतं’ हे गृहीतक फेअरनेस म्हणून लिहून द्यावं लागतं. ॲमेझॉनच्या अभियंत्यांनी २०११ पासून हीच भाषा वापरली. डायनामोडीबी या त्यांच्या डेटाबेस सेवेत त्यांना सापडलेली एक चूक दिसायला कमीत कमी ३५ पायऱ्यांचा घटनाक्रम लागत होता. असा क्रम टेस्टिंगमध्ये हाताने कोण रचणार?

प्रश्न : राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे पावसाळ्यात आपोआप उघडतात. धरणाचं असं सॉफ्टवेअर सिद्ध करता येतं का? (भोगावती)

राधानगरीच्या त्या सात दरवाजांत सॉफ्टवेअर नाही. पाण्याची पातळी वाढली की दाबानेच ते उघडतात. पण निर्णय सॉफ्टवेअरने घ्यायचा अशी यंत्रणा नेदरलँड्समध्ये आहे. रॉटरडॅमला समुद्राच्या वादळी भरतीपासून वाचवणारा मेसलांट अडसर १९९७ मध्ये पुरा झाला. तो कधी बंद करायचा हे माणसाऐवजी संगणकाने ठरवावं असं ठरल्यामुळे ते सॉफ्टवेअर झेड या गणिती भाषेत स्पेसिफाय केलं गेलं आणि संदेशांची देवाणघेवाण स्पिनवर तपासली गेली. तिथे धोका दोन्हीकडून असतो. बंद व्हायला हवं तेव्हा झालं नाही तर पूर; नको तेव्हा बंद झालं तर जहाजं अडकतात.

प्रश्न : आमचं सगळं ईआरपी (कंपनीचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर) असं सिद्ध करून घ्यायचं तर किती खर्च येईल? (शाहूपुरी)

करून घेऊ नका. सेल४ या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची सिद्धता २००९ साली पुरी झाली. सी भाषेतल्या सुमारे ८,७०० ओळी, त्यावर इसाबेल या सिद्धता तपासणाऱ्या टूलमधली सुमारे दोन लाख ओळींची सिद्धता, आणि सगळं मिळून वीसेक मनुष्यवर्षांचं काम. विमानात किंवा सिग्नल यंत्रणेत हा खर्च पटतो. पॅरिस मेट्रोच्या १४ क्रमांकाच्या विनाचालक मार्गाचं सुरक्षेशी निगडित सॉफ्टवेअर ‘बी’ नावाच्या फॉर्मल पद्धतीने सिद्ध करूनच १९९८ साली मार्ग सुरू झाला. तुमच्या ईआरपीत पैसे, साठा किंवा परवानग्या ठरवणारे दोनतीनशे ओळींचे तुकडे निवडा आणि तेवढेच घ्या. स्क्रीन आणि रिपोर्ट सोडून द्या.

कोड सी भाषेत असेल तर सीबीएमसी हा तपासनीस वापरून बघा. तो लूप ठरावीक फेऱ्यांपर्यंत उलगडतो. ‘एवढ्या फेऱ्या पुरेशा आहेत का’ हे तपासणारा पर्याय चालू आहे ना, ते आधी पाहा. तो बंद असेल तर दहा फेऱ्यांपर्यंत चूक नाही एवढंच हाती लागतं, आणि लोक ते ‘चूकच नाही’ असं वाचतात.

प्रश्न : आता कोडही एआय लिहितं आणि सिद्धताही. मग आपण काय तपासायचं? (सायबर चौक, कोल्हापूर)

सिद्धता कुणी लिहिली याने फरक पडत नाही. रॉक (पूर्वीचं कॉक), लीन, इसाबेल या सिद्धतेच्या टूलमध्ये ती शेवटी एका छोट्या तपासनिसापुढून जाते आणि त्याला फसवणं अवघड आहे. फसवणूक दुसरीकडे होते. आधी फाइलमध्ये शॉर्टकट शोधा: लीन आणि इसाबेलमध्ये ‘सॉरी’, रॉकमध्ये ‘ॲडमिटेड’, डॅफ्नीमध्ये ‘अझ्यूम’. यातला एकही शब्द म्हणजे तिथली सिद्धता दिलेलीच नाही, मानून घेतली आहे. मग गृहीतकांची आणि आधीच्या अटींची यादी काढा. आधीची अट कधीच खरी होऊ शकत नसेल, उदाहरणार्थ लिटर शून्यापेक्षा जास्त आणि शून्यापेक्षा कमीही, तर तिच्याखाली काहीही सिद्ध होतं. त्यावर सोपी चाचणी आहे. नंतरच्या अटीच्या जागी ‘असत्य’ लिहून बघा. तरीही टूल ‘सिद्ध झालं’ म्हणत असेल, तर एकतर आधीच्या अटी एकमेकींशी भांडताहेत किंवा कोड त्या जागी पोचतच नाही.

त्यानंतर नंतरच्या अटी स्वतः वाचा, आणि संस्थेच्या सचिवांना मराठीत वाचून दाखवा. अर्ध्या पैशाचं काय करायचं, हे त्यांनाच विचारावं लागेल.